अठरा रुपयांची बचत

आमच्या ऑफिसात चाळीस माणसं, त्यातली बहुतेक कोड लिहिणारी. त्यामुळे पाकिटं, खोकी, बँकेची कागदपत्रं हे काम तसं कुणाचंच नव्हतं. मागच्या वर्षी ते माझ्या गळ्यात पडलं. कारण एका मीटिंगमध्ये मी म्हणालो, "यात काय एवढं? एक एक्सेल शीट केली की झालं!"

मंडळी, मीटिंगमध्ये असं कधी बोलू नये.

तर शीट केली. तीन कुरिअरवाल्यांचे दर मागवले, स्वस्त ते महाग असे लावले आणि सगळ्यात वरचा उचलला. पाकिटामागे अठरा रुपये वाचत होते. मॅनेजर खूश, मी त्याहून खूश.

मग आलं नागपूरच्या एका सरकारी ऑफिसचं टेंडर. बोली ऑनलाइन भरायची, पण बँक गॅरंटीचा मूळ कागद सोमवारी दुपारी तीनच्या आत त्यांच्याकडे पोचायला हवा. चार जणांनी तीन महिने त्या टेंडरवर डोकं घातलं होतं. गुरुवारी पाकीट तयार झालं तेव्हा आमच्या ऑफिसातले काका (पदाने ऑफिसबॉय, वयाने पन्नाशीचे) म्हणाले, "सर, स्पीड पोस्टानं टाकू का? पोस्ट वाटेतच आहे."

"काका, आपलं कुरिअर ठरलंय आता. ट्रॅकिंग आहे त्यात."

शनिवारी दुपारी मेसेज आला, 'डिलिव्हर्ड'. मी निवांत पिक्चरला गेलो.

रविवारी रात्री अंथरुणावर पडल्यावर ट्यूब पेटली. राज्य सरकारच्या ऑफिसांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवारी ऑफिस बंद! मग पाकीट घेतलं कुणी? पोचपावतीचा फोटो उघडला, तर सहीच्या जागी एक तिरकी रेघ आणि नावाच्या जागी 'सेल्फ'. धावत नागपूर गाठलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण मूळ कागद त्या पाकिटातच.

सोमवारी सकाळपासून फोन. कस्टमर केअरने मला तक्रारीचे तीन वेगवेगळे नंबर दिले, पण पाकीट काही दिलं नाही. ते सापडलं पावणेपाचला, त्यांच्याच नागपूरच्या शाखेत, एका गठ्ठ्याखाली. आमची बोली बाद.

त्या कामाच्या भरवशावर दोन फ्रेशर मुलांना घ्यायचं ठरलं होतं. त्यांना नाही सांगायचा फोन खरं तर एचआरने करायचा, पण तो मीच केला. त्यातला एक जण हळूच म्हणाला, "सर, पुन्हा कधी विचारू?" मला काही बोलताच आलं नाही.

चार दिवस कुरिअरवाल्याला शिव्या घातल्या. पण खरं सांगू का? चूक शीटमध्येही होती. तिच्यात फक्त दराचा कॉलम होता.

आपण कोड प्रॉडक्शनला टाकण्याआधी टेस्ट करतो ना? कुरिअर मात्र मी थेट लाइव्ह केलं होतं. मग उशिरा सुचलेलं शहाणपण म्हणून पंचवीसेक पाकिटांत कोरे कागद भरले आणि आमची पाकिटं ज्या भागांत जातात तिथल्या मित्रांना-नातेवाइकांना धाडून दिली. काही तिन्ही कुरिअरने, काही स्पीड पोस्टाने. शीट पिनकोडप्रमाणे लावली. (पिनकोड पोस्टाचा, १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी आणि संस्कृतचे लेखक. आज खाजगी कुरिअरवालेही आपली हद्द त्याच सहा आकड्यांत मोजतात.)

मुंबई, बंगळूरला सगळेच हुशार. खरी परीक्षा झाली चंद्रपूर, दापोली, इचलकरंजीला. पुष्कळ कुरिअर कंपन्यांची गावोगावची शाखा फ्रँचायझी असते. पाटी तीच, मालक वेगळा. म्हणजे आपण पुण्यात निवडतो कंपनी, पण पाकीट पोचवतो समोरच्या गावातला तो एक माणूस. इचलकरंजीच्या पाकिटावर शेरा आला, 'दार बंद'. मावशीला फोन केला तर म्हणाली, "अरे, दार बंद कसलं? मी सकाळपासून अंगणात कुरडया वाळत घालत बसलेय!" स्पीड पोस्ट दोन ठिकाणी एक दिवस मागे पडलं, पण एकाही पाकिटावर खोटा शेरा नव्हता.

नंतर पावतीच्या मागचा बारीक मजकूर वाचला. भरपाईची मर्यादा तिथेच लिहिलेली असते. याबाबत १९९६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, भारती निटिंग कंपनीचा. जर्मनीला पाठवलेली कागदपत्रं पोचलीच नाहीत, नुकसान बरंच मोठं होतं, पण भरपाई शंभर डॉलरच. कारण पावतीवर तशी अट होती आणि खाली सही.

लॅपटॉप पाठवताना आणखी एक गंमत कळली. ४५ × ३५ × १२ सेंटिमीटरचं खोकं काट्यावर अडीच किलो भरलं, पण लांबी-रुंदी-उंचीच्या गुणाकाराला ५००० ने भागून त्याचे ३.७८ किलो होतात आणि बिल त्याचं येतं. खोकं लहान घ्या. आत लिथियम बॅटरी आहे हे आधीच सांगा, विमानाने जाणाऱ्या मालाला त्याचे वेगळे नियम आहेत.

आता आमच्याकडे एक नाही, दोन सोयी आहेत. मोठ्या शहरांना एक कुरिअर (सगळ्यात स्वस्त नव्हे!) आणि बाकी सगळीकडे स्पीड पोस्ट. १९८६ मध्ये सुरू झालेली ही सेवा, २०२५ पासून जुनं रजिस्टर्ड पोस्टही तिच्यातच सामावलंय. शीटमध्ये नवे कॉलम आले: समोरच्या शाखेत फोन कोण उचलतं, पोचपावतीवर खरं नाव येतं का, आणि शेवटच्या तारखेआधी कामाचे किती दिवस हातात आहेत. शनिवार-रविवार धरायचे नाहीत. दराचा कॉलम आता सगळ्यात शेवटी.

आणि जे हरवून चालणारच नाही, ते पाकिटात घालायचं नाही. माणूस पाठवायचा.

गेल्या महिन्यात पुन्हा नागपूरचंच टेंडर होतं. बँक गॅरंटी घेऊन काका स्वतः रात्रीच्या गाडीने गेले. दुसऱ्या दिवशी साडेअकराला व्हॉट्सॲपवर फोटो आला: गोल शिक्का, तारीख, वेळ, सही. परतल्यावर त्यांनी टेबलावर संत्रा बर्फीचा डबा ठेवला आणि म्हणाले, "सर, हे घ्या, ट्रॅकिंग."

टेंडरचा निकाल अजून लागायचाय. त्या मुलाचा नंबर मात्र मी जपून ठेवलाय.