मोरीतली बालदी

२०१६ सालचा मे महिना. आमच्या भाईंदर पूर्वेच्या इमारतीत पाण्याचा भरवसा नसे, म्हणून मोरीत एक बालदी कायम काठोकाठ भरलेली. धाकटी जाऊ सुट्टीला आलेली, तिचा दीड वर्षाचा मुलगा घरभर दुडदुडत होता. ती आंघोळीला गेली, मी पोळ्या लाटत होते. पोर गप्प झालं म्हणून बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू!

मोरीत डोकावले तर बालदीच्या वर फक्त दोन पाय.

या वयात मुलाचं डोकं जड. तोल गेला की ते डोक्यावर पडतं, आणि भरलेली बालदी कलंडतही नाही. ओरडणार कुठून?

उचललं तर ओठ निळे, अंग सैल. मैत्रिणींनो, मी केलं काय? लहानपणापासून ऐकलं होतं तेच. पायाला धरून उलटं केलं आणि पाठीत थापट्या मारत सुटले. आवाजाने समोरच्या नर्सताई धावत आल्या. रात्रपाळी करून झोपल्या होत्या बिचाऱ्या.

"वहिनी, खाली ठेवा त्याला! फरशीवर! उलटं करून नुसता वेळ जातो."

हाक मारली, छाती हलते का पाहिलं. नाही. मला म्हणाल्या, "१०८ लावा, फोन स्पीकरवर ठेवा." त्याची हनुवटी उचलली, नाक चिमटीत धरलं, तोंडाला तोंड लावून छाती वर येईल इतकीच हवा भरली. बुडालेल्याला आधी श्वासच द्यायचा, कारण त्याला हवाच मिळालेली नसते. मग छातीच्या मधल्या हाडावर, खालच्या बाजूला, एकाच हाताचा तळवा ठेवून दाबू लागल्या. छाती तिसरा हिस्सा खाली जात होती, जवळजवळ दोन इंच. मला वाटलं, बरगड्या मोडणार! ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३०.

किती वेळ गेला कोण जाणे. पोर खोकलं, पाणी ओकलं आणि रडलं.

रडला म्हणजे संपलं, असं मी म्हटलं. ताईंनी ऐकलं नाही. फुप्फुसं नंतरही बिघडू शकतात, म्हणून त्याला रात्रभर इस्पितळात ठेवलं.

जाऊ मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढे ताईंच्या ओळखीने मी शिकायला गेले. तिथे सरावाला बाहुली असते. तशी बाहुली पहिल्यांदा १९६० मध्ये नॉर्वेच्या आस्मुंड लेर्दाल या खेळणी बनवणाऱ्याने बाजारात आणली. त्याचा स्वतःचा दोन वर्षांचा मुलगा बुडता बुडता वाचला होता! हे ऐकलं आणि माझे डोळेच भरून आले. मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायचे म्हणतात. पहिल्याच मिनिटात मला घाम फुटला.

आता आमची बालदी उपडी असते. पाणी घट्ट झाकणाच्या पिंपात, आणि मोरीच्या दाराला उंचावर कडी. हे म्हणतात, "घरात लहान मूल कुठे आहे आता?" शेजारची येतातच की दुडदुडत.