फुकट नको, किंमत सांगा

ठाण्याच्या माजिवडा नाक्यावरून पश्चिमेकडे वळले की घोडबंदर रोड लागतो. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे, गायमुख अशी एकेक गावे मागे टाकीत हा रस्ता सुमारे वीस किलोमीटर जातो आणि अहमदाबाद हायवेला मिळतो. डाव्या हाताला येऊरचे डोंगर, उजव्या हाताला खाडी. खाडीच्या काठी घोडबंदरचा पोर्तुगीज किल्ला आहे. १७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला. या बंदरात पूर्वी अरबी घोडे उतरत, म्हणून घोडबंदर, असे सांगतात. आज घोडे नाहीत. ट्रक आहेत, टेम्पो आहेत, मेट्रोचे खांब आहेत आणि दोन्ही अंगांना उंच उंच टॉवर आहेत.

आमच्यासारख्या चाळीत राहणाऱ्यांचे या टॉवरमध्ये काय काम, असे कुणी विचारील. काम आहे. या इमारतींत रोज नवे सामान वर चढते आणि जुने खाली उतरते. कुणाचा भाड्याचा अकरा महिन्यांचा करार संपतो, कुणाची बदली बंगलोरला होते, कुणी नवा फ्लॅट घेऊन सगळे फर्निचर नव्याने करतो. चांगले टेबल, खुर्च्या, कपाट, पाळणा, सायकल, सगळे आठवड्यात काढायचे असते. नेण्याचा खर्च वस्तूपेक्षा जास्त, मग माणूस मिळेल त्या भावाने विकतो.

अमेरिकेत लोक शनिवारी-रविवारी घरापुढच्या अंगणात नाहीतर गाडीच्या गॅरेजमध्ये असे जुने सामान मांडतात, त्यावर किमतीच्या चिठ्ठ्या लावतात आणि शेजारीपाजारी आईबापांचे बोट धरून खरेदीला येतात. इकडे विसाव्या मजल्यावर अंगण कुठले? इथे बातमी मोबाईलवरून फिरते, वॉचमन सांगतो, इस्त्रीवाला सांगतो, धुण्याभांड्याला जाणाऱ्या आपल्याच बायाबापड्या सांगतात. मुंबईच्या मटन स्ट्रीटचा चोर बाजार प्रसिद्ध आहे, पण तिथे माल दुकानदाराकडचा. इथे वस्तू वापरणाऱ्याच्याच घरात, त्याच्यासमोर पाहायला मिळते.

आम्ही भावंडे कळव्याला राहतो. आई वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॅकिंगला होती, आता घरीच असते. घरात काही मोठी वस्तू घ्यायची झाली की रविवारी आम्ही तिला घेऊन निघतो. खरे म्हणजे तीच आम्हाला घेऊन निघते. पिशवीत मापाची टेप, बॅटरी, जुने फडके आणि सुट्टे पैसे. आमच्या खोलीच्या दाराची रुंदी आणि जिन्याच्या वळणाचे माप तिने कागदावर लिहून ठेवले आहे. "वस्तू आवडली आणि दारातून आत गेली नाही, तर तिची पूजा करायची का?" असे ती विचारते.

एकदा वाघबीळच्या पुढे एका सोसायटीत टेबल-खुर्च्या पाहायला गेलो. गेटवरच्या वॉचमनने आईकडे पाहिले आणि रजिस्टर पुढे सरकवीत म्हणाला, "मावशी, कामाला ना? मागची लिफ्ट तिकडे." आई शांतपणे म्हणाली, "कामाला नाही रे बाबा. गिऱ्हाईक आहोत. सामान घ्यायला आलोय. तसंच लिही." त्याने तसे लिहिले, आणि आम्ही पुढच्या लिफ्टने वर गेलो.

वरच्या बाई स्वभावाने चांगल्या. टेबलाचे पैसे ठरले. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मावशी, या दोन खुर्च्या अशाच घेऊन जा. पैसे नकोत." आई म्हणाली, "फुकट नको ताई. किंमत सांगा." बाईंना नवल वाटले. शेवटी शंभर रुपयांना दोन खुर्च्या ठरल्या. मग आईने दोन्ही उलट्या करून पाय हलवून पाहिले, एकीचा स्क्रू ढिला निघाला, तर वीस रुपये कमी करून घेतले!

खाली उतरल्यावर आम्ही विचारले, आधी पैसे देतेस आणि मग घासाघीस करतेस, हे काय? ती म्हणाली, "दिलेल्या वस्तूची खोड काढता येत नाही. पैसे मोजले की काढता येते."

हे तिला कुणी पुस्तकातून शिकवलेले नाही. आमची आजी सातारा जिल्ह्यातली. वाड्यावरून आलेले फाटके लुगडे आणि शिळी भाकरी घेताना मान खाली घालावी लागे, हे तिने आईला सांगितलेले. बलुत्याचा तो प्रकारच तसा होता. काम पुरते, मोबदला मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि बलुत्याऐवजी रोख मोबदल्याची मागणी केली. वतने कायद्याने रद्द व्हायला पुढे १९५८ साल उजाडले.

पण जुनी वस्तू म्हणजे कमीपणा, असे मानणेही बरोबर नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके घेतली, असे त्यांच्या चरित्रात आहे. ती पुस्तके जुनी होती, पण कुणी दिलेली नव्हती. पारखून, पैसे मोजून घेतलेली होती. उतरण वेगळी आणि खरेदी वेगळी.

आता आईची पारख थोडक्यात सांगतो. वाचक भगिनींना उपयोगी पडेल.

लाकडी वस्तू बोटाने वाजवून पाहावी. पोकळ आवाज आला आणि खाली बारीक भुसा दिसला तर कीड आहे. भुशाच्या बोर्डाचे कपाट एकदा खोलले की स्क्रू पुन्हा घट्ट बसत नाहीत, ते घेऊ नये. पलंगाच्या सांध्यांत बॅटरी मारून पाहावी. काळे ठिपके दिसले तर ढेकूण, मग कितीही स्वस्त असो, नमस्कार करून निघावे. लोखंडी कपाटाचा तळ गंजला आहे का ते पाहावे, किल्ली स्वतः फिरवावी. फ्रिज अर्धा तास चालू ठेवायला सांगावे. मिक्सरला जळका वास आला तर सोडून द्यावा. बुड फुगलेला कुकर आणि जुने हेल्मेट कधीच घेऊ नये, तिथे जिवाशी गाठ असते. मोबाईल मूळ बिलाशिवाय घेऊ नये. शाळेची पुस्तके घेताना अभ्यासक्रम बदललेला नाही ना, हे पाहावे.

आणि टेम्पोचे भाडे व हमाली आधी विचारून किमतीत धरावी. पाचशेचे टेबल घरी येईपर्यंत दीड हजाराचे होते. सोसायटीतून सामान बाहेर काढायला गेटवर मालकाची चिठ्ठी लागते, तीही मागून घ्यावी. नाहीतर चोरीचा आळ यायला वेळ लागत नाही, आणि आपल्यासारख्यांवर तो लवकर येतो.

जायचे तर रविवारी सकाळी लवकर जावे. ठाणे स्टेशनवरून बस मिळते. दुपारनंतर या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी चालतात. आमच्या त्या टेबलावर आता धाकट्या बहिणीचा दहावीचा अभ्यास चालतो. खुर्चीचा स्क्रू आईनेच घट्ट केला. टेबल कुणाचे, असे कुणी विचारले तर बहीण सांगते, "आमचे. विकत घेतलेले."