आमच्या सिनेमातली हडळ

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही घोलवडला घरच्या घरी भुताचा एक लघुपट करायला घेतला. कॅमेरा मोबाईलचा, खर्च सहाशे चाळीस रुपये, त्यातले निम्मे चहा-वड्यावर गेले. टॉर्चवर निळा जिलेटीन कागद लावला की चांदणे, घमेल्यात ओला पाला पेटवला की धुके. रात्र दाखवायची तर रात्री शूटिंग करू नये, हे पहिल्याच दिवशी कळले. अंधारात मोबाईलला नुसते दाणे दिसतात. सूर्य बुडाल्यानंतरची वीस मिनिटे गाठायची आणि एक्सपोजर खाली ओढायचे. चिकूची वाडी आपोआप भेसूर होते. आवाजाचे मात्र हाल. भूत दारात उभे राहिले की नेमकी मालगाडी यायची.

गोष्ट नेहमीचीच, विहिरीवरची हडळ. त्या कामासाठी पाड्यावरच्या, वाडीत चिकू उतरवायला येणाऱ्या एका ताईंना विचारले. त्या म्हणाल्या, "दादा, मी नाय करणार. माझ्या मावशीला भुताळी म्हणून गावाने वाळीत टाकली होती. उद्या पोरं तो व्हिडिओ बघतील नि मलापण तेच म्हणतील."

मित्रहो, सवाल आमच्यावरच होता. स्वतःला आंबेडकरी म्हणवणारे आम्ही हडळ शोधायला पाड्यावरच का गेलो? आमच्या घरातल्या बहिणी का नाही आठवल्या? १९५६ साली घरातून देव गेले, भुते तशीच राहिली. आणि भुतांनाही जात आहेच की! मुंज होऊन सोडमुंजीआधी मेलेला ब्राह्मणाचा मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. खवीस मुसलमानाचा. बाळंतपणात मेलेली बाई अळवंतीण, म्हणजे उपचाराविना मेली ती मेली, वर बदनामही तीच.

मुंजाच्या भीतीने कुणी मुंजाच्या नातेवाइकांना मारल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही. भुताळी मात्र जिवंत बाई असते. बहुतेकदा विधवा, एकटी, किंवा जिच्या नावावर तुकडाभर जमीन आहे अशी. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, तेव्हा कुठे सरकारने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्यानुसार एखाद्याला भुताळी ठरवून छळणे हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. गोष्ट लिहिताना हे आम्हाला पाठ होते, तरी सुचली हडळच.

म्हणून गोष्ट बदलली. या भागात खरी दहशत कोणाची होती, हे शोधायला पिंपळावर चढावे लागत नाही. १९४५ साली इथून जवळच झरी गावात वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही म्हणाले. आता विहिरीवर येते ते सावकाराचे भूत, चोपडी काखोटीला मारून जुने देणे मागत. त्याला हिशेब विचारणारी बाई त्याच ताई करणार आहेत. संवाद त्यांनी स्वतःच बदलले, आमचे फार पुस्तकी होते म्हणे.

अडचण एकच उरली आहे. सावकाराच्या भुतासाठी कोणी तयार नाही. हडळीच्या कामाला "त्यात काय एवढं" म्हणणारे आमचे दोघे मित्र आता फोन उचलत नाहीत.