आठ ते बारा

ताईच्या टाइमटेबलला आमच्या घरात कोणी हात लावायचा नाही, असा नियम होता. स्वयंपाकघराच्या दारामागे तिने कागद चिकटवला होता. पहाटे साडेचारला फार्माकॉलॉजी, दुपारी पॅथॉलॉजी, रात्री जेवणानंतर फॉरेन्सिक मेडिसिन. 2017 चा डिसेंबर. ती कोल्हापूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात सेकंड एमबीबीएसला होती, मी इंजिनिअरिंगला, आणि दोघंही पीएलसाठी मालवणला घरी आलो होतो. (तेव्हा सिंधुदुर्गात सरकारी मेडिकल कॉलेज नव्हतंच. ओरोसला ते सुरू व्हायला 2021-22 उजाडलं. शिकायला घाट चढायचा आणि पेशंट गंभीर झाला की गोव्यात बांबोळीला पळायचं, हीच आमची रीत.)

डिसेंबरात आमचा समुद्र तळ्यासारखा असतो. मासेमारीचा भर, पर्यटकांची गर्दी, अंगणात सुकत घातलेली सुंगटं. वादळाची भीती बाळगायचे हे महिने नव्हेत. म्हणूनच बाबा बुधवारी, 29 नोव्हेंबरला, निवांत गेले. ते दुसऱ्याच्या ट्रॉलरवर तांडेल होते. तीन-चार दिवसांची खेप. दुसऱ्या दिवशी कन्याकुमारीजवळ चक्रीवादळ तयार झाल्याची बातमी आली. नाव ओखी. बांगलादेशाने दिलेलं, अर्थ डोळा.

शनिवारपर्यंत दांडीवरच्या बहुतेक होड्या वर ओढून झाल्या. बाबांची बोट आली नव्हती. किनाऱ्यापासून ठरावीक अंतरापुढे मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे फोन न लागणं हे काही वाईट लक्षण नव्हे. आये दर तासाने हेच म्हणत होती. "रेंज नसतली. येतलो."

मी फोनवर वाऱ्याचा नकाशा उघडून बसलो होतो. लक्षद्वीपवरून वर सरकणारं ते गोल गोल चक्र, लाल-जांभळं. पाच-पाच मिनिटांनी रिफ्रेश. मला वाटत होतं, मी काहीतरी करतोय. ताई मात्र टाइमटेबलप्रमाणे चालली होती. साडेचारला उठून के. डी. त्रिपाठी, दुपारी रॉबिन्स. मला तिचा रागच आला. बापूस दर्यात आणि ही औषधांचे साइड इफेक्ट पाठ करतेय! मी तसं बोललोही. तिने पान उलटलं, बस्स.

मधेमधे शेजारपाजारचे यायचे, कारण गल्लीच्या लेखी ती तेव्हाच डॉक्टरीण. कुणाचं डोकं दुखतंय, कुणाची बीपीची गोळी संपलीय. होडी ओढताना एकाचा हात ओंडक्यात चेचला, तर तिने स्वच्छ फडक्याने बांधून त्याला ग्रामीण रुग्णालयात पिटाळलं. "मी अजून डॉक्टर नाय," हे वाक्य ती त्या दोन दिवसांत किती वेळा बोलली असेल!

रविवारी, 3 तारखेला, दत्तजयंती. म्हणजे पौर्णिमा, म्हणजे उधाण. त्यात वादळाच्या लाटा. रात्री अकराच्या सुमाराला भरती आली तेव्हा पाणी नेहमीच्या जागेवर थांबलं नाही, माडांच्या मुळांपर्यंत आलं. लाइट गेलेली. त्या रात्री शेजारच्या काकू आमच्याकडे झोपायला आल्या.

काकूंचे यजमान फयानमध्ये गेले. 11 नोव्हेंबर 2009. ते वादळ अलिबाग-मुंबईच्या मधे किनाऱ्याला लागलं, पण जाताना आमचा समुद्र घुसळून गेलं. यजमान सापडले नाहीत. होडीची एक फळीसुद्धा नाही. सात वर्षं माणसाची काहीच खबर नसेल तर कायदा त्याला मृत धरू शकतो. ती सात वर्षं 2016 मध्ये भरली. काकूंनी मंगळसूत्र काढलं नव्हतं.

ताई मेणबत्तीजवळ वाचत होती. रात्र, म्हणजे फॉरेन्सिक. मी पलीकडे पडलेलो, फोन चौदा टक्क्यांवर. काकू बराच वेळ तिच्याकडे बघत होत्या.

"काय वाचतस गो?"

"असाच. परीक्षेचा."

"बुडल्याचा आसा मां?"

पानावर चित्र होतं, त्यावरून त्यांनी ओळखलं असावं. ताईने पुस्तक मिटलं नाही. बाहेर लाटेचा आवाज भिंतीवर हात आपटल्यासारखा येत होता.

"माका एकच सांग," काकू म्हणाल्या. "किती वेळ लागता? आठ वर्सां मी कोणाक इचारूक नाय."

"पाच मिनटां," ताई म्हणाली. "तेच्यापेक्षा जास्त नाय. मगे माणसाक काय कळणा नाय."

काकूंनी मान हलवली. पुटपुटत दोनदा "पाच" म्हटलं आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. जरा वेळाने त्यांचा श्वास संथ झाला. आये मात्र जागी होती, हे मला तिच्या बांगड्यांवरून कळत होतं.

पहाटे ताईचा डोळा लागल्यावर मी ते पान टॉर्चमध्ये बघितलं. का, ते मलाही सांगता येणार नाही. बाबांसाठी बघितलं असेल. गोड्या पाण्यात चार ते पाच मिनिटं. खाऱ्या पाण्यात आठ ते बारा. दुसऱ्या ओळीखाली पेन्सिलची रेघ होती, इतकी दाबून मारलेली की मागच्या पानावर उमटली होती. समासात बारीक अक्षरात वेळा लिहिलेल्या: 4.40, 6.15, 7.50, 9.05... दिवसभरात तिने बाबांचा नंबर जितक्या वेळा लावला तितक्या.

सोमवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "देवगडाक आसंय. जेवलंय." जाळं पंख्यात अडकून बोट बंद पडली होती, दुसऱ्या बोटीने ओढत देवगड बंदरात आणलं. बाबांचा फोन भिजलेला. देवगडचं बंदर आत वळलेलं, सुरक्षित, त्यामुळे लांबलांबच्या बोटी तिथे आल्या होत्या. केरळच्या 66 आणि तामिळनाडूच्या 2 बोटी, 952 माणसं सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्याचं सरकारने आधीच जाहीर केलं होतं. बाबा सांगायचे, त्यांची भाषा कळत नव्हती, पण जो तो कानाशी मूठ नेऊन फोन मागत होता. त्यांच्या गावांतली कितीतरी माणसं मात्र परत आलीच नाहीत. ओखी पुढे विरत गेलं आणि 5 तारखेच्या रात्री सुरतजवळ संपलं.

फोन ठेवल्यावर आये रडली. ताईने घड्याळ बघितलं आणि रॉबिन्स उघडलं.

परीक्षा झाल्यावर ती घरी आली तेव्हा म्हणाली, फॉरेन्सिकच्या तोंडी परीक्षेत तिला बुडून मृत्यूच विचारला. गोडं पाणी, खारं पाणी, फरक सांगा.

"मगे?"

"सांगितलंय. आठ ते बारा."

"काकूक पाच सांगितलंस."

ती पाटावरून उठली, माझंही ताट उचललं. "तुका कसा कळला?" तिने विचारलं, आणि उत्तराला न थांबता मागच्या दारी भांडी घासायला गेली.