पडद्यावर न आलेली

रात्रीचा मुसळधार पाऊस. खडकाच्या आडोशाला दोघे शेकोटी पेटवून बसलेत. एवढ्यात चिंब भिजलेला तिसरा येतो. ते त्याला कॉफी देतात. बोलता बोलता सिल्व्हर स्प्रिंग्जमधल्या दरोड्याचा विषय निघतो. दरोडेखोर सापडले का, असं एकजण चाचपून विचारतो. दोघे सापडले, असं उत्तर येतं. पुढच्याच क्षणी पडद्यावर बाहेर बांधलेले घोडे दिसतात आणि गोळ्यांचे आवाज ऐकू येतात.

‘सेव्हन मेन फ्रॉम नाऊ’ असा सुरू होतो. साल 1956, दिग्दर्शक बड बेटिकर, पटकथा बर्ट केनेडीची, निर्मिती जॉन वेनच्या कंपनीची. पैसा बेताचा आणि लांबी जेमतेम 78 मिनिटं. वाळवंट, डोंगर, पाठलागाची वाट हे सगळं कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनजवळच्या गोलसर खडकांत चित्रित केलेलं.

तो भिजलेला तिसरा म्हणजे रँडॉल्फ स्कॉटने उभा केलेला बेन स्ट्राइड, पूर्वीचा शेरीफ. निवडणुकीत हरल्यावर त्याला डेप्युटीची नोकरी देऊ केली होती. ती त्याने ताठ्यापायी नाकारली. घर चालवायला बायको वेल्स फार्गोच्या कचेरीत कामाला लागली आणि सात जणांनी 20,000 डॉलरचं सोनं लुटलं तेव्हा मारली गेली. आता तो त्या सातांच्या मागावर आहे. सोन्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

ही बायको सिनेमात कुठेच दिसत नाही. तिच्या आठवणींची दृश्यं नाहीत, की स्ट्राइडच्या खिशात तिचा फोटो नाही. तरीही तो घोड्यावरून उतरतो, खोगीर काढतो, कॉफीचा पेला हातात धरतो, त्या प्रत्येक हालचालीत ती आहे. एरवी आपण गेलेल्या माणसाला हार घालतो, भिंतीवर टांगतो, वर्षश्राद्धाला त्याच्या आवडीचा पदार्थ करतो. स्ट्राइडपाशी यातलं काहीही नाही.

माझ्या थोरल्या भावाला हा सिनेमा फार जवळचा होता. वहिनी गेल्यावर तर तो पुन्हा पुन्हा लावायचा. तिच्याबद्दल मात्र तो कधी बोलला नाही. कुणी विषय काढला की चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसायचा, काचा स्वच्छ असल्या तरी. सिनेमात एक दृश्य आहे. पश्चिमेकडे निघालेलं ग्रीअर जोडपं वाटेत स्ट्राइडला भेटलेलं असतं. रात्री छपराच्या गाडीत अ‍ॅनी ग्रीअर आडवी झालेली असते, गाडीखाली जमिनीवर स्ट्राइड. दोघांच्या मधे फक्त गाडीच्या फळ्या. तशा अंधारात दोघं थोडंसं बोलतात. ते दृश्य आलं की दादा आवाज वाढवायचा. एकदा माझ्याकडे न बघता म्हणाला, “एवढंच बोलता येतं रे.” पुढे तोही गेला. त्याच्या दुःखाबद्दल मला त्याने दिलेलं एवढं एकच वाक्य.

अ‍ॅनीचं काम गेल रसेलने केलंय. अतिशय लाजरी नटी. कॅमेऱ्यासमोर उभं राहायच्या भीतीवर तिने दारूचा उतारा शोधला आणि त्या दारूने तिची कारकीर्द गिळली. काही वर्षं पडद्यापासून लांब राहून ती या सिनेमात परतली. तिच्या डोळ्यांतला थकवा रंगभूषेतून आलेला नाही. 1961 साली ती एकटीच मरण पावली तेव्हा 36 वर्षांची होती.

सिनेमाच्याही नशिबी अज्ञातवास आला. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी 1957 साली आदर्श वेस्टर्न म्हणून त्याची वाखाणणी केली, पण पुढे कितीतरी वर्षं तो बघायलाच मिळत नव्हता. 2000 साली लॉस एंजेलिसच्या यूसीएलए संग्रहालयाने त्याची प्रत पुन्हा उभी केली. बेटिकर 2001 साली गेले. आपलं काम परत आलेलं त्यांना पाहता आलं, याचं मला फार समाधान वाटतं.

शेवटी सोन्याची पेटी खडकांमधल्या मोकळ्या जागेत ठेवलेली असते. ली मार्विनने रंगवलेला, सोन्यावर डोळा ठेवून असलेला बिल मास्टर्स तिच्या लोभाने आपल्या साथीदारालाही गोळी घालतो. सिनेमाभर तो हौसेने पिस्तुलं उपसण्याचा सराव करत आलाय. समोर पायाला गोळी लागलेला, बंदुकीच्या आधाराने उभा असलेला स्ट्राइड. आणि मास्टर्सचे हात पिस्तुलांपर्यंत पोचतात न पोचतात तोच तो कोसळतो. स्ट्राइडने गोळी कधी झाडली, हे आपल्याला दिसत नाही. मास्टर्सच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य तेवढं दिसतं.

सूड पुरा होतो. सोनं परत मिळतं. पण ज्या हिशेबासाठी स्ट्राइड निघाला होता, तो काही मिटत नाही. मग तो सिल्व्हर स्प्रिंग्जला परत जाऊन डेप्युटीची नोकरी धरायचं ठरवतो. ज्या कामाला नाही म्हटल्यामुळे बायकोला कचेरीत जावं लागलं, तेच काम. दादाला हा शेवट का आवडायचा, हे मला आता उमगतं. वहिनी गेल्यावर तो स्वयंपाक शिकला, तिने लावलेल्या कुंड्यांना पाणी घालू लागला, तिच्या माहेरच्यांना सणावाराला फोन करू लागला. गेलेल्या माणसाची भरपाई सोन्याने होत नाही आणि सुडानेही होत नाही. त्याच्या वाट्याचं काम आपल्याकडे येतं, ते करायचं असतं. दादाने ते केलं. आता वहिनीच्या माहेरी दिवाळीचा फोन मी करतो.