इंजिनाचा मंदाग्नि

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून निराळा झाला १९९९ सालीं. परंतु कोहळी लोकांनीं बांधलेले तेथील तलाव पुष्कळ जुने आहेत. ते पाहण्यासाठीं गेल्या पौषांत आम्ही बारदाना नेणाऱ्या एका जुन्या ट्रकांतून नवेगावबांधास निघालों. दहा कोस गेलों तरी इंजिन तापेना. डिझेल फार जळतें म्हणून मालकाचा संशय चालकावर. तो बिचारा खिन्न होता.

कोहमाऱ्याच्या मिस्त्रीनें गार इंजिन सुरू करून रेडिएटरची वरची नळी चांचपली. ती लागलीच कोमट होऊं लागली. म्हणजे पाणी आरंभापासूनच फिरत होतें. उघडून पाहतों तों थर्मोस्टॅट नाहींच! उन्हाळ्यांत पाणी उकळतें म्हणून कोणीं तरी तो काढिला होता. वास्तविक तेथें रेडिएटर साफ करावयास हवा होता. थर्मोस्टॅट ही मेणाच्या प्रसरणानें उघडणारी झडप. सुमारें ८० अंश सेल्सिअसपर्यंत ती पाणी इंजिनांतच राखते. ती नसल्यास तेल दाट राहतें, इंधन पुरतें जळत नाहीं. खाल्लेलें अंगीं लागत नाहीं.

नवी झडप बसली, कांटा चढला, चालकावरील किटाळही टळलें. पाणी अडवावें केव्हां व सोडावें केव्हां, हें कोहळ्यांनीं मात्र केव्हांच जाणलें होतें.