कंबर घट्ट, हात सैल

हॉस्टेलवर दरवर्षी एक साथ येते. डोळे येण्याची नव्हे, छंदाची! आम्ही फर्स्ट इयरला आलो तेव्हा गिटारची साथ होती. मग सगळ्या विंगला सिक्स पॅकने पछाडलं आणि मेसमध्ये उकडलेल्या अंड्यांवरून भांडणं झाली. सध्याची साथ आहे ऑफ-रोडिंगची. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, आमच्यातले काहीजण ती पाहून आले आणि परत आले ते हवेतच! पार्किंगमधल्या गाड्यांचे आरसे उतरले, जाड नक्षीचे टायर चढले आणि रविवारी सकाळी हिप्परगा तलावाकडच्या कच्च्या वाटेवर धूळ उडू लागली.

या सगळ्या धुळीत एक प्रश्न मात्र माझ्या डोक्यात घर करून बसला. कोअर ट्रेनिंग केलं तर कच्च्या रस्त्यावर गाडी खरंच चांगली चालवता येते का? कोअर म्हणजे काय, तर पोट, कंबर, पाठीचा खालचा भाग आणि नितंब यांचे स्नायू. थोडक्यात, धड जागेवर धरून ठेवणारा आपला मधला भाग. जिमवाले 'हो' म्हणतात. पण जिमवाले कशालाही 'हो' म्हणतात! दोन माणसांमुळे मला या प्रश्नाचं उत्तर शोधावंसं वाटलं.

पहिला माझा रूम पार्टनर. मेकॅनिकलचा, गाडीवेडा. गेल्या वर्षी पुण्याजवळच्या एका डर्ट ट्रॅक स्पर्धेत नवशिक्यांच्या गटात उतरला. दोन फेऱ्या झकास झाल्या. तिसऱ्या फेरीत त्याची बोटं क्लचवर वळेनात. कोपरापासून मनगटापर्यंत हात दगडासारखा कडक झालेला. शेवटी गाडी बाजूला लावून, हात झटकत बसला बिचारा. परत आल्यावर कुणीतरी सांगितलं, "कोअर कमजोर आहे बे तुझा!" झालं. गड्याने रोज रात्री दोनशे क्रंचेस सुरू केले. पंधरा दिवसांत पोट दुखलं, मग कंबर दुखली आणि शेवटी मूव्हच्या वासाने माझं डोकं दुखलं.

दुसरे माझे काका. त्यांनी ऑफ-रोडिंग हा शब्द कधी ऐकलेला नाही, पण बावीस वर्षं तेच करतायत. मोहोळ तालुक्यातलं आमचं गाव. वस्त्या-वस्त्यांवरून दूध गोळा करायचं आणि डेअरीला घालायचं. गाडीला दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरच्या कॅन. वाट कसली, काळी माती! उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात चिखल. हा चिखल चाक आणि मडगार्डच्या मध्ये असा काही बसतो की चाक फिरायचं थांबतं आणि काठीने खरवडावं लागतं. गेल्या पावसाळ्यात काकांची कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, "पोटाचे, कंबरेचे व्यायाम करा आणि गाडी कमी करा." त्यावर काकी म्हणाल्या, "गाडी कमी केल्यावर दूध काय पायानं चालत जातंय व्हय?" डॉक्टरांकडे याचं उत्तर नव्हतं.

म्हणजे बघा, एक गाडी चालवतो हौसेसाठी, दुसरे पोटासाठी. आणि दोघांना सल्ला एकच, पोटाचे व्यायाम करा. माझ्या चुलत भावाचं शिक्षण त्या दोन कॅनवर चाललंय, त्यामुळे हा सल्ला खरा की खोटा हे बघणं भाग होतं.

आता जरा अप्लाइड मेकॅनिक्स. घाबरू नका, व्हायव्हाला विचारणार नाही! कंबरेच्या वरचं शरीर हे आपल्या एकूण वजनाच्या निम्म्याहून जास्त असतं. ब्रेक मारला की हे सगळं पुढे जातं, रेस दिली की मागे जातं, खड्डा आला की वर-खाली होतं. ते कुणीतरी धरून ठेवायला हवं. धरणारे दोनच. एक तर मांड्या आणि कंबर, नाहीतर हात. कंबरेने काम टाळलं की हात हँडल आवळून धरतात. आवळलेल्या मुठीत हाताचे स्नायू सतत ताठ राहतात, त्यांच्यातला रक्तप्रवाह अडतो आणि हात फुगून कडक होतो. रेसवाले याला 'आर्म पंप' म्हणतात. पार्टनरला झालं ते हेच. त्यात आणखी एक धोका आहे. अंग मागे फेकलं गेलं की हँडलला लटकल्यामुळे मनगट फिरतं आणि नको तेव्हा रेस वाढते. पुढचं सांगायला नको!

शरीराला हे मुळात ठाऊक असतं. १९९६ साली ऑस्ट्रेलियातल्या हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. माणसाला हात झटकन उचलायला सांगितला आणि कुठला स्नायू कधी कामाला लागतो ते मोजलं. निरोगी माणसात हाताच्या आधी पोटाचा खोलवरचा स्नायू ताठ होत होता. कंबरदुखीच्या रुग्णांत मात्र तो उशिरा जागा होत होता. म्हणजे आधी पाया, मग हात. आपल्या सिव्हिलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

बरं, हे काम थोडं नसतं. फिनलंडमध्ये मोटोक्रॉसवाल्यांची मोजमापं झाली, तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या नव्वद टक्क्यांच्या वर गेलेले दिसले. गाडीला इंजिन असूनही! डाकार रॅली तर दोन आठवडे चालते आणि त्यात तासन् तास फूटरेस्टवर उभं राहून गाडी हाकावी लागते. ही रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय बंगळुरूचे सी. एस. संतोष, २०१५ साली. २०२४ मध्ये केरळचा हरिथ नोआ आपल्या गटात पहिला आणि एकूण यादीत अकरावा आला. नुसत्या दंडाच्या बेटकुळ्यांवर हे होत नाही.

पण त्यासाठी क्रंचेस? इथे मला आपलं सोलापूरच उपयोगी पडलं. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा आपण सगळेच बघतो. गड्ड्यावर पाळण्यात बसायला जातो, ते सोडा. पांढऱ्या बाराबंदीतले ते मानकरी आठवा. सात नंदीध्वज, एकेक उंचच उंच काठी. ती कंबरेच्या आधारावर उभी तोलून धरायची आणि गर्दीतून चालायचं, वाटेतल्या अडुसष्ट लिंगांच्या दर्शनाला. वारा आला, रस्ता उतरता झाला, मागून रेटा आला तरी काठी सरळ! त्यासाठी यात्रेच्या आधी ते दिवसच्या दिवस सराव करतात. आणि सराव कसला? काठी पेलण्याचाच. जमिनीवर पडून पोट दुमडण्याचा नाही. तोल, पाय, कंबर आणि श्वास सगळं एकाच वेळी.

मल्लखांबातही तेच. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणलेला हा व्यायाम. त्यात मांड्यांनी खांब धरला की हात मोकळे होतात. गाडीच्या टाकीला गुडघ्यांनी धरा, असं रेसवाले सांगतात ते यापेक्षा वेगळं काय आहे?

शास्त्रही जवळपास असंच बोलतं. खेळाडूंच्या कोअर ट्रेनिंगवरच्या अभ्यासांचा एक आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा सूर असा, की नुसते कोअरचे सुटे व्यायाम केले तर खेळातली कामगिरी फारशी वाढत नाही. इतर व्यायामांच्या जोडीने केले तेव्हा फायदा दिसला, पण त्यातला नेमका किती वाटा कोअरचा, हे वेगळं काढणं अवघड. म्हणजे मेसच्या भाजीतल्या मिठासारखं. नुसतं खाऊन पोट भरत नाही, पण नसलं की पहिल्या घासाला कळतं.

तेव्हा माझं उत्तर असं: फायदा होतो, पण तो पोटावर दिसत नाही, हातात कळतो. कंबर टिकली की मूठ सैल राहते आणि मूठ सैल राहिली की क्लच, ब्रेक, रेस शेवटपर्यंत आपल्या ताब्यात राहतात. वेग मात्र सरावानेच येतो.

पार्टनरचे क्रंचेस बंद झाले. कॅनडातले पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन साधे व्यायाम आम्ही घेतले. पहिला, पाठीवर झोपून एक गुडघा दुमडायचा, हात कंबरेखाली ठेवायचे आणि फक्त डोकं-खांदे किंचित उचलायचे. दुसरा, कुशीवर होऊन कोपरावर अंग फळीसारखं तोलायचं. तिसरा, रांगत्या स्थितीत उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, मग उलट. प्रत्येक वेळी दहाएक सेकंद, श्वास न कोंडता. जोडीला बैठका, जिने आणि दर रविवारी फूटरेस्टवर उभं राहून सराव. पुढच्या स्पर्धेत गडी शेवटून चौथा आला! पण सगळ्या फेऱ्या पूर्ण केल्या आणि उतरल्यावर स्वतःच्या हाताने बाटलीचं झाकण उघडलं. यात व्यायामाचा वाटा किती आणि उभं राहायला शिकल्याचा किती, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

काकांचं गणित मात्र अवघड होतं. चाळीस लिटर दूध म्हणजे साधारण एक्केचाळीस किलो. दोन्ही कॅन धरून, त्यांच्या वजनासकट, नव्वदच्या घरात. मी टेप घेऊन मोजलं तर हे वजन मागच्या आसाच्याही वीस सेंटीमीटर मागे लटकत होतं. दोन चाकांमधलं अंतर सव्वा मीटरच्या आत-बाहेर. मोमेंट मांडा, पुढच्या चाकावरचा भार पंधराएक किलोने कमी होतो. म्हणून चिखलात पुढचं चाक भरकटायचं आणि ते दाबून धरायला काका दिवसभर हँडलवर वाकलेले. अशा कंबरेला नुसता व्यायाम सांगणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरणं!

गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून कॅरिअर बारा सेंटीमीटर पुढे घेतलं. त्याहून पुढे घेतलं असतं तर कॅन काकांच्या मांड्यांना लागल्या असत्या. दुसरं सांगितलं, ओढा आणि खड्डे आले की बुड उचला. बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला चार ते आठ या गतीचे हादरे सगळ्यात जास्त जाणवतात. उभं राहिलं की निम्मं काम गुडघे करतात. आणि तिसरं, ते तीन व्यायाम, घोंगडीवर. काका हसले. "आरं, आयुष्यभर वैरणीचे भारे उचलले, आता मला रांगायला शिकवतो व्हय?" पण रांगले. सकाळी धार काढायच्या आधी, काकी दाराआड हसत असताना.

काकांची कंबर बरी झाली, असं लिहायला मला आवडलं असतं. ठणका अजून आहे. पण या पावसाळ्यात सकाळची फेरी चुकलेली नाही. संध्याकाळची आता चुलत भाऊ करतो, कॉलेज सांभाळून. त्यालाही कॅरिअर नवंच मिळालं आणि व्यायामही. बावीस वर्षांनी सुरू करण्यापेक्षा पहिल्या वर्षी सुरू केलेलं बरं.

असो. रेक्टर सरांना एक नम्र विनंती, हॉस्टेलच्या जिममध्ये आरसा आहे, डंबेल्स आहेत, चार सतरंज्याही मिळाव्यात. आणि मित्रांनो, तुमची कंबर काम करतेय की नाही हे बघायला मशीन लागत नाही. कच्च्या वाटेवर सावकाश जाताना, मूठ न सोडता, हँडलवर चार बोटांनी तबल्याचा ठेका धरता येतोय का बघा. बोटं नाचली तर समजा कंबर जागी आहे. नाही नाचली, तर ट्रॅकवर उतरायच्या आधी सतरंजीवर उतरा!